एक घाव, दोन तुकडे? ठोशातली ताकद आणि तिचं खरं मोल

म्हशाची जत्रा नुकतीच उठलीय, माणसं दमलेली असतील, सभागृह निम्मं रिकामं असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण किन्हवली, डोळखांबकडूनही मंडळी आलेली दिसतायत. सरळगाव-टोकावड्याची तर आहेतच. मुरबाडात येऊन बॉक्सिंगवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. हा मुलूख कबड्डीचा आणि मातीतल्या कुस्तीचा. आणि आम्ही काही रिंगमध्ये उतरलेली माणसं नव्हे. आम्ही कडेला बसून बघणारे आणि बघितलेल्यावर लिहिणारे. तेव्हा कुठे चुकलो तर शेवटी प्रश्न विचारताना कान धरा.

आजचा विषय ठोशातली ताकद. तिचं खरं मोल किती? हा प्रश्न आम्हाला पुस्तकात सापडला नाही, या वर्षी जत्रेत सापडला. पाळण्यांच्या पलीकडे ठोसा मोजायचं यंत्र लागलं होतं. तुम्ही पाहिलं असेल. वरून चामडी गोळा लोंबतो, पैसे द्यायचे, बुक्की हाणायची, वर लाल दिव्यांत आकडा येतो. पोरांची ही रांग! मोठा आकडा आला की शिट्ट्या. एक काटकुळा पोरगा पुढे झाला. त्याचा आकडा मागच्याच्या निम्मासुद्धा आला नाही. मित्र हसले, कोणीतरी म्हणालं, "भात खा रे जरा." पोरगा हसण्यावारी नेत बाजूला झाला, पण चेहरा उतरलेला होता.

तिथून आम्ही बैलबाजारात गेलो. तिथे एक वयस्क शेतकरी जोडी बघत होते. वशिंड बघितलं, दात बघितले, खूर उचलून बघितला, आणि मग विकणाऱ्याला म्हणाले, "चालवून दाखव." बैल चालवला, वळवला, पुन्हा चालवला. त्यानंतरच भावाची गोष्ट निघाली. अंगानं त्याहून थोराड जोडी शेजारीच बांधलेली होती, तिच्याकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

एकाच जत्रेत, चार पावलांच्या अंतरावर, आपण बैलाची पारख अशी करतो आणि पोराची तशी. आमचा आजचा सगळा वाद एवढ्यावरच आहे.

आपल्या भाषेतच हे मुरलेलं आहे. "एक घाव, दोन तुकडे." निकाल लावायचा तर असा. शेतकऱ्याच्या, मजुराच्या आयुष्यात निकाल लवकर लागत नाहीत: सातबारा अडकतो, नुकसानभरपाई अडकते. म्हणून एका फटक्यात सगळं संपवणारा माणूस आपल्याला आवडतो. सिनेमावाल्यांना हे बरोब्बर ठाऊक आहे. 'तूफान' घ्या, 'चंदू चॅम्पियन' घ्या, परदेशातला 'रॉकी' घ्या. पडद्यावरचा बॉक्सर हात खाली सोडून उभा असतो, दहा ठोसे तोंडावर घेतो, मग एकदम आईची किंवा गुरूची आठवण येते आणि अकराव्या सेकंदाला तो समोरच्याला झोपवतो. ठोशाचा आवाज तर असा की जणू नारळ फुटला. खऱ्या रिंगजवळ बसून बघा. जास्त आवाज बुटांचा येतो. चर्र-चर्र, चर्र-चर्र. पाय घासल्याचा.

आणि एक गंमत सांगतो. १९७६चा पहिला 'रॉकी' ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा शेवटी काय होतं. बहुतेक जण म्हणतील, रॉकी जिंकतो. नाही जिंकत. पंधरा फेऱ्या टिकतो आणि गुणांवर हरतो. ती गोष्ट ज्या माणसावरून सुचली तो चक वेपनर १९७५मध्ये मुहम्मद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत उभा राहिला होता आणि लढत संपायला काही सेकंद उरले असताना थांबवला गेला. म्हणजे मूळ गोष्ट टिकण्याची. आपल्या लक्षात मात्र राहिलं काय, तर गोठवलेल्या मांसाला बुक्क्या मारणारा माणूस.

आता ताकद म्हणजे नक्की काय, तिथे येऊ. ठोसा दंडातून येतो असं आपण धरून चालतो. दंड फुगवून दाखवतो ना आपण! १९८५मध्ये सोव्हिएत संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या दर्जाच्या १२० बॉक्सरांचा सरळ ठोसा त्यांनी तपासला आणि त्यातला हाताचा वाटा किती, धडाचा किती, पायाचा किती हे काढलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये हाताचा वाटा साधारण २४ टक्के निघाला. पायाचा ३८च्या आसपास, उरलेला धडाचा. खालच्या दर्जाच्यांमध्ये उलटं: हात ३८ टक्के आणि पाय फक्त १६-१७. म्हणजे शिकाऊ पोरगा हातानं मारतो आणि तयार पोरगा जमिनीला रेटा देऊन मारतो.

हे तुम्हाला नवीन वाटायला नको. इथे लाकडं फोडलेली माणसं बसलीयेत. शहापूर तालुक्यात एका पाड्यावर आम्ही एका आजोबांना ओंडके फोडताना पाहिलं. दंड म्हणाल तर काठीसारखे. त्यांचा नातू, कॉलेजात जाणारा, जिमला जाणारा, त्यानं कुऱ्हाड घेतली आणि ती ओंडक्यात रुतून बसली. आजोबा एवढंच म्हणाले, "जोर नको लावू. शीर बघ." आणि त्यांचा घाव पाहा: टाच उचलली जाते, कंबर वळते, कुऱ्हाड शेवटी येते. हात फक्त वाट दाखवतो. बॉक्सिंगचा प्रशिक्षक वर्षभर हेच शिकवत असतो, फक्त इंग्रजीत.

आकडे बघायचे असतील तर २००० साली प्रसिद्ध झालेलं एक मोजमाप आहे. मागच्या हाताचा सरळ ठोसा: नवशिक्यांचा जोर सुमारे २४०० न्यूटन, मधल्या दर्जाच्यांचा ३७००, अव्वल हौशी बॉक्सरांचा ४८००. दहा न्यूटन म्हणजे ढोबळ मानानं एक किलोचा भार. म्हणजे अव्वल माणसाचा ठोसा भाताच्या पन्नास किलोच्या दहा पोत्यांच्या जवळपास, पण निमिषाच्याही बारीक तुकड्यापुरता. नवशिका आणि अव्वल यांत दुपटीचा फरक आहे, आणि अव्वलांचे दंड काही नवशिक्यांच्या दुप्पट नसतात. फरक तालीम करून आलेला आहे. "ताकद देवानं दिलेली असते, ती शिकवता येत नाही" हे वाक्य रिंगभोवती फार ऐकू येतं. त्यात थोडं खरं आहे; काही जणांचे स्नायू जात्याच चपळ असतात. पण थोडंच.

आता फ्रँक ब्रुनोची गोष्ट. आमच्या मते या विषयावरची ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती कमी सांगितली जाते. हा लंडनचा धिप्पाड हेवीवेट. १९८५मध्ये संशोधकांनी त्याचा ठोसा उपकरणावर मोजला आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. जोर ४०९६ न्यूटन. समजावून सांगताना त्यांनी उपमा दिली: गादी लावलेला सहा किलोचा लाकडी हातोडा ताशी बत्तीस किलोमीटर वेगानं डोक्यावर बसावा, तसं. वैद्यकाच्या मासिकात ज्याची बुक्की छापून आली असा हा माणूस. कारकीर्दीत ४० विजय, त्यातले ३८ नॉकआउट. यंत्राचा आकडा बघून निवड करायची तर पहिला नंबर याचाच.

पण झालं काय? हा जगज्जेतेपदासाठी तीनदा उभा राहिला: १९८६मध्ये विदरस्पून, १९८९मध्ये टायसन, १९९३मध्ये लुईस. तिन्ही वेळा लढत मध्येच थांबवावी लागली, आणि हरला ब्रुनो. चौथ्यांदा, सप्टेंबर १९९५मध्ये, वेम्बलीवर ऑलिव्हर मॅककॉलविरुद्ध तो अखेर जिंकला. कसा? बारा फेऱ्या पूर्ण खेळून, गुणांवर. ज्याचा ठोसा हातोड्यासारखा मोजला गेला त्याला मुकुट मिळाला तो जॅबनं, डावा हात पुढे ठेवून, शेवटी शेवटी अक्षरशः समोरच्याला मिठी मारून तग धरून. पुढल्याच वर्षी टायसननं तो पट्टा काढून घेतला, तो भाग वेगळा. पण चौथ्या खेपेला त्याला जे मिळालं ते पहिल्या तीन खेपांना त्याच्या आकड्यानं दिलं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणावंच, की तुम्ही सोयीची उदाहरणं निवडताय. ठीक. मग आमच्या विरुद्ध जाणारं सर्वांत मोठं उदाहरण आम्हीच मांडतो.

जॉर्ज फोरमन. १९७४च्या ३० ऑक्टोबरला किन्शासाला अलीसमोर उभा राहिला तेव्हा ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांनी अलीला हरवलेलं होतं, आणि या दोघांनाही फोरमननं दोन-दोन फेऱ्यांत संपवलं होतं. अली ३२ वर्षांचा, फोरमन २५चा. सगळे म्हणत होते अलीचा जीव वाचला तरी पुष्कळ. अली दोरखंडाला टेकून राहिला, मार दंडांवर, कोपरांवर घेतला, समोरच्याला दमू दिलं, आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ताकदीच्या विरुद्ध पुरावा म्हणून ती नेहमी सांगितली जाते.

पण तिचा उत्तरार्ध बघा. वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ला, तोच फोरमन, आता ४५ वर्षांचा, पोट सुटलेला, किन्शासातलीच लाल चड्डी घालून मायकल मूररसमोर उभा राहतो. नऊ फेऱ्या तो गुणांवर मागे आहे. मूरर तरुण, चपळ, त्याला हवा तसा मारतोय. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा ठोसा हनुवटीवर बसतो आणि लढत संपते. पाय गेले होते, वेग गेला होता, दम अर्धा झाला होता. ताकद राहिली होती. सर्वांत शेवटी जाते ती हीच. तेव्हा ताकदीला मोल नाही असं म्हणणारा माणूस बॉक्सिंग बघतच नाही.

आणि दुसरंही एक कबूल केलं पाहिजे. ताकदीचा उपयोग ठोसा बसल्यावरच होतो असं नाही. समोरच्याला एकदा कळलं की याची बुक्की जड आहे, की तो पाऊल पुढे टाकताना कचरतो. त्याचा जॅब आखूड पडतो, हात गालापाशी चिकटून राहतात, बरगड्या उघड्या पडतात. कबड्डीत एखादा कोपऱ्यातला गडी घोटा धरण्यात पटाईत असला तर चढाई करणारा त्या बाजूला फिरकत नाही, तसं. न मारलेल्या ठोशानं जागा मिळवून दिली, तर ती ताकदीचीच कमाई.

वजनगट तरी का असतात? कारण वस्तुमान खोटं बोलत नाही. मेरी कोमचंच घ्या. जगज्जेतेपदं सहा, बहुतेक ४८ किलो किंवा त्याच्याही आतली. २०१२मध्ये लंडनला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि तिथला सर्वांत हलका गट होता ५१ किलोचा. तिला वर चढावं लागलं, आणि उपान्त्य फेरीत अंगापेरानं मोठ्या निकोला ॲडम्ससमोर ती ६–११ अशी हरली. कांस्यपदक मिळालं, त्याचा देशाला अभिमान आहेच. पण तीन किलो म्हणजे काय ते त्या दिवशी दिसलं.

मग आमचा मुद्दा काय? आमचा मुद्दा हा की ताकद हे धरण आहे. शहापूरच्या माणसाला धरण समजावून सांगायची गरज नाही. भातसा, तानसा, वैतरणा, सगळं तुमच्या उशाला. आणि उन्हाळ्यात टँकर कुठे येतो? तोही तुमच्याच पाड्यावर. धरण उशाला आणि कोरड घशाला. पाणी किती साठलं यावर घसा ओला होत नाही, नळ कुठवर आलाय यावर होतो. बॉक्सिंगमध्ये हा नळ म्हणजे पाय, अंतर आणि वेळ. फोरमनकडे १९७४मध्ये धरण भरलेलं होतं, नळ नव्हता. १९९४मध्ये धरण आटत आलं होतं, पण त्यानं नऊ फेऱ्या थांबून, एक-एक पाऊल सरकून, बरोबर एक नळ टाकला.

हे झालं पैशाच्या बॉक्सिंगबद्दल, बारा फेऱ्यांच्या. आपल्या तालुक्यातला पोरगा किंवा पोरगी जे खेळणार आहे ते वेगळं आहे. ते हौशी बॉक्सिंग: मोठ्यांसाठी तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, लहानांसाठी त्याहून छोट्या. इथे निकाल पंच देतात. (मराठीत काय गोंधळ आहे बघा, मारला तो पंच आणि मोजला तोही पंच! पण या दोन पंचांचं एकमेकांशी पटतंच असं नाही.)

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सनं अंतिम लढतीत कोरियाच्या खेळाडूला, टीव्हीवाल्यांच्या मोजणीनुसार, ८६ ठोसे मारले आणि ३२ खाल्ले. पंचांनी ३–२ असा निकाल कोरियाच्या बाजूनं दिला. जगभर छी-थू झाली. त्यानंतर १९९२च्या बार्सिलोनापासून ऑलिंपिकमध्ये यंत्रं आली: पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. आणि त्या पद्धतीत हलका पण स्वच्छ बसलेला ठोसा आणि समोरच्याला खाली बसवणारा ठोसा, दोघांना एकच गुण. वीस वर्षं जगातले हौशी बॉक्सर या हिशोबात वाढले. २०१३पासून पद्धत बदलली, आता फेरीगणिक दहा गुणांची रीत आहे, पंच वर्चस्वही बघतात. तरी पहिली गोष्ट अजून तीच: नेमक्या जागी बसलेले स्वच्छ ठोसे किती. हातमोज्यावर बसलेला जबरदस्त ठोसा म्हणजे शून्य. टाळ्या मिळतात, गुण नाही.

नियम हे असे, आणि आपण पोरं निवडतो कशी? आम्ही गेल्या काही वर्षांत शालेय स्पर्धांच्या कडेला पुष्कळ बसलो. नाव कोणाचंच घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी त्यांना बॅग मारायला लावतात. ज्याच्या ठोशानं बॅग जास्त हलते तो पुढच्या रांगेत. बाकीचे मागे दोरीउड्या मारत. त्या मागच्या रांगेत एका आश्रमशाळेतली मुलगी होती. वजन पस्तीसच्या आत. तिला कोणी घ्यायला तयार नव्हतं. त्या गटात दुसरी कोणी मिळेना म्हणून शेवटी तिचं नाव गेलं. रिंगमध्ये तिनं काय केलं? डावा हात लांबवला, मारला, बाजूला सरकली. मारला, सरकली. समोरची मुलगी तिच्याहून भरलेली, तिच्या प्रत्येक ठोशाला तिचे सर ओरडत होते, "जोरात! जोरात!" आणि ती जोरात हवेत मारत होती. तिसऱ्या फेरीत तिला हातच उचलवेनात. निकाल पाचही पंचांनी एकाच बाजूला दिला.

आम्ही तिला विचारलं, "सरकायला कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "खोखोत."

या मुलीची गोष्ट आम्ही गोड म्हणून सांगत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी पाड्यांवर हलक्या अंगाची मुलं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे आणि ती हलकी का आहेत हेही माहीत आहे. बहुतेक खेळांत हे अंग आडवं येतं. बॉक्सिंग हा थोड्या खेळांपैकी एक, जिथे तुमच्याएवढ्याच वजनाचा माणूस समोर येणार याची नियमानं हमी आहे. पुरुषांमध्येसुद्धा ४८ किलोचा गट कित्येक वर्षं ऑलिंपिकमध्ये होता. शालेय स्पर्धांत त्याहून कितीतरी हलके गट असतात. दार उघडं आहे. आणि दारात आपण ठोसा मोजायचं यंत्र मांडून ठेवलंय.

आता जरा अप्रिय बोलतो. ताकदीच्या या वेडाची किंमत हरण्या-जिंकण्यात जात नाही, डोक्यात जाते. नॉकआउट होतो तो कवटीला जोर बसला म्हणून नव्हे, तर डोकं गर्रकन फिरलं म्हणून. दाराला बिजागरीपाशी ढकला, ते हलत नाही. कडीपाशी बोट लावा, फिरतं. हनुवटी ही कडी. डोकं झटक्यात फिरलं की आत मेंदूला पीळ बसतो. डोक्यावरचं संरक्षक टोप कातडी फाटणं वाचवतं, हा पीळ फारसा थांबवत नाही. आणि न पडता खाल्लेले, लहान-लहान, रोजच्या सरावातले ठोसे साचत जातात. मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२८मध्येच याबद्दल लिहिलं होतं: वर्षानुवर्षं मार खाल्लेले बॉक्सर दारू न पिता झिंगल्यासारखे चालतात. ज्या अलीनं किन्शासात फोरमनचा मार अंगावर घेतला त्याला दहा वर्षांनी, १९८४मध्ये, पार्किन्सनचं निदान झालं. त्या एका रात्रीमुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही. पण दोरखंडाला टेकून मार खाण्याची ती हिकमत जगानं जितक्या कौतुकानं सांगितली, तितक्या कौतुकानं ती शिकवायची नसते.

एका सराव शिबिरात आम्ही होतो. चौदा वर्षांचा मुलगा, समोर सतरा वर्षांचा, वजनात आठ-दहा किलोंचा फरक. मोठ्याचा हूक बसला, लहान गुडघ्यावर आला. डोळे असे काचेसारखे झाले होते. आम्हाला वाटलं थांबवतील. शिकवणारे म्हणाले, "ऊठ, काही नाही झालं, मर्द आहेस." मुलगा उठला, पुन्हा खेळला. संध्याकाळी त्यानं जेवण ओकून टाकलं. स्पर्धेत नॉकआउट झाला तर कमीत कमी तीस दिवस रिंगमध्ये उतरायचं नाही असा नियम चालत आलाय. सरावाच्या खोलीत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो पुन्हा मैदानावर होता. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, आणि आज इथे बोलतोय त्यामागे ते न बोलणं आहे.

शेवटी एका मराठी माणसाबद्दल सांगायचं आहे, आणि तो तुम्हाला 'चंदू चॅम्पियन'मुळे माहीत आहे. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले. लहानपणी कुस्ती, मग सैन्यात बॉक्सिंग. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात, आणि कमरेखालचं शरीर गेलं. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून, ३७.३३ सेकंदांत, त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. सिनेमात प्रेरणा भरपूर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आमची तक्रार बारीक आहे. त्यांच्या बॉक्सिंगचं जे चित्र उरतं ते रग आणि मारामारीचं. पण तो सोव्हिएत अभ्यास आठवा. ठोशाचा मोठा वाटा पायांचा. गोळीनं पाय घेतले म्हणजे ठोसा घेतलाच. यंत्रावरचा आकडा त्या दिवशी कोसळलाच असेल. त्या सैनिकी बॉक्सरकडे जे उरलं ते म्हणजे खांदे, छाती, श्वास कधी घ्यायचा आणि कधी धरायचा याची सवय, दमलेलं असताना ढंग न सोडण्याची सवय. सात वर्षांनी पाण्यात हेच कामाला आलं असावं असं आम्हाला वाटतं. कोणी सिनेमावाला हे दाखवायला बसला तर तिकिटं खपणार नाहीत, हेही कळतं.

आता प्रश्न घेऊ.

(समोरून एका ताई विचारतात: मुलगा तेरा वर्षांचा आहे, बॉक्सिंग शिकायचं म्हणतो. त्याला आधी वजनं उचलायला लावू का, म्हणजे हातात जोर येईल?)

ताई, हातात जोर यायची घाई नको. शेतावर काम करतो ना? मग अंगात पुरेसा जोर आहे. दोरीउड्या, धावणं, खोखो, कबड्डी, हे चालू दे. वजनं नंतर, आणि शिकवणारा माणूस समोर असतानाच. पहिले सहा महिने पाय आणि अंतर. डोक्यावर मार घेण्याचा सराव नाही म्हणजे नाही. आणि जिथे घालाल तिथल्या सरांना एकच गोष्ट विचारा: "डोक्याला लागलं तर पोराला किती दिवस बसवता?" ते "एक दिवसही नाही" म्हणाले आणि हसले, तर पोराला घेऊन परत या.

(ताई: पण इथे कुठे आहे शिकायची सोय? कल्याणला जावं लागतं.)

हो, ते खरं आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, शहापूरकरांना निदान आसनगाव, आटगाव तरी आहे. कल्याणला सराव संध्याकाळी सुटणार सात-साडेसातला, आणि तुमच्या गावाकडची शेवटची एसटी त्याच्या आधी सुटत असेल तर हे आमचं सगळं बोलणं फुकट आहे. कुठल्या गावच्या तुम्ही? ... धसईच्या. मग असं करू, कार्यक्रम संपला की थांबा. धसईची आणखी दोन-तीन पोरं आहेत का ते इथेच विचारून घेऊ. चार जण झाले तर एका सरांना आठवड्यातून दोनदा इकडे आणता येतं का ते बघता येईल. रिंग लागत नाही सुरुवातीला. शाळेचं अंगण आणि खडूनं आखलेला चौकोन पुरतो.